थेंबभर पाणी

साकोलीच्या पास्टर वीरेंद्रनं त्या रविवारीही प्रवचनात आपल्या मेलेल्या आईला नरकात पाठवलं. सखाबाई जन्मभर तलावात उतरून मासे धरायची, पण बाप्तिस्म्याला काही पाण्यात उतरली नाही. उदाहरण घरचंच, त्यामुळे कोणाला वाईट वाटायचा प्रश्न नव्हता.

दुपारी जेवताना त्याची मुलगी रिता म्हणाली, "पप्पा, मले नाही पटत. आजी मासा कापतानाही डोळे मिटे. तिले देव जाळंन कायले?"

"थेंबभर पाण्यासाठी तडफडून राहिली असंल," वरणभात कालवत पप्पा म्हणाले. "नरकावर शंका घेऊ नको, बेटा."

"मंग देऊनच पाहू ना पाणी!"

रितानं पेल्यात बोट बुडवलं आणि फुटक्या फरशीच्या भोकात घातलं. "घे वं आजी."

"पागल झाली का?" म्हणत रिताची आई हसली. पप्पांनाही हसू आवरेना. एकूण नरकाचा निकाल जेवण संपायच्या आत लागणार होता.

बोटाला खालून जीभ लागली. गरम, कोरडी, खरखरीत.

रिताचं हसू तोंडावर तसंच राहिलं. थेंब संपला. जीभ बाजूला सरकली, दुसऱ्या कोणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

मग त्या दुसऱ्यानं बोट तोंडात धरून चोखायला सुरुवात केली. त्याला अजून दात आले नव्हते.