बिनखिडकीचा ट्रेलर

गेल्या वर्षी विस्कॉन्सिनच्या शर्यतीत ग्रेटाची मोटरबोट उलटून फुटली. उघड्या ट्रेलरवरून ती तीनशे मैल घरी आणताना पेट्रोलपंपावरची अनोळखी माणसंसुद्धा चुकचुकत होती. म्हणून यंदा नवा ट्रेलर घेताना तिने चारी बाजूंनी बंद, बिनखिडकीचा पसंत केला.

"अगं, बोटीवर तुझं नाव मी हाताने रंगवलंय. ते या डब्यात कोंबायचं?" बाबा कुरकुरले.

"कोंबायचं. हरले तर कुणाला दिसायला नको."

रविवारी शेवटच्या फेरीत तिने क्लेटसकाकांना मागे टाकलं. तिला गाठायच्या नादात वळणावर काकांची बोट उलटली. काका धडधाकट बाहेर आले, बोटीचं मात्र पार भजं झालं. शर्यत ग्रेटाने जिंकली. वीस वर्षं कुणाला पुढे जाऊ न देणारा माणूस आपल्या उघड्या ट्रेलरपाशी मान खाली घालून उभा होता.

बाबांनी नव्या ट्रेलरचं दार उघडलं. "चल, चढव बोट."

"आपली नाही, काकांची चढवा," ग्रेटा म्हणाली. "आपली त्यांच्या उघड्या ट्रेलरवर ठेवू, तो आपल्या गाडीला लावा. आणि बाबा, हायवेने नको. गावागावांतून जाऊ, हळूहळू."