भिवाचा नेम

"कोन हाय? बोल, नाय तं बार काढतो."

भिवाचा हा आवाज गोदूबाईच्या कानात राहिला तो राहिलाच. तेव्हा ती नवी नवरी होती. मानपाड्याच्या खालच्या अंगाला भात पोटरीला आलेलं, दिवस बुडालेला. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन ती बांधावरून राखणीच्या माळ्याकडे निघालेली. माळ्यावर नवऱ्याच्या, भिवाच्या शेजारी सासरा बसला होता. सासऱ्याच्या कानावर सुनेचा आवाज पडू नये, ही तेव्हाची घराघरातली रीत. तिनं पदर पुढं ओढला, ओठ मिटले आणि चालत राहिली. भात सळसळलं. बार निघाला. पाटी उडाली, भाकऱ्या चिखलात गेल्या. तिला लागलं नाही, एवढंच. त्या संध्याकाळी भिवा रडला, आणि घरातली गोष्ट घरातच राहिली.

आता भिवा नव्हता. गेल्या शिमग्यात गेला. त्याची ठासणीची बंदूक कल्याणच्या चौकीत जमा झाली. परवाना माणसाबरोबर मरतो, शिपाई म्हणाला. पोराला हवी असेल तर त्यानं ठाण्याला साहेबापुढं उभं राहून मागावी. नको असेल तर सरकार ती मोडीत काढील. त्याचं बोलावणं आजचं होतं.

तिचा लेक पंढरी ओटीवर पायताण घालत होता. सगुणा, त्याची बायको, भाकरी फडक्यात बांधत होती. शेजारचा नाथा दातण चघळत खांबाला टेकला होता.

"नको रं आनू ती ब्याद घरान," नाथा म्हणाला. "स्वराज आलं. बंदूक शिपायानं धरावी, आपुन कापनीचा इला धरावा."

"स्वराज आलं ते डुकरांना कोन सांगल? तू?" पंढरी म्हणाला. "काल खालचा खाचर पार लोलवून टाकला त्यांनी."

"थाली बडव."

"बडवतो ना. आता तालावर खातात."

सगुणा फिसकन हसली. नाथाही हसला. "आन् तुज्या बापसानं तरी किती मारली रं? जलमभर बार काढले, एक डुक्कर आडवं झालं नाय. पलायची, दुसऱ्या रातीला परत यायची."

हे नाथा एकटाच म्हणत होता असं नाही. कुणाचं काम फसलं, कुणाची सोयरीक मोडली, गाडीचं चाक निखळलं, की सारा गाव म्हणे, भिवाचा नेम! लग्नाच्या मांडवात, जत्रेत, भिवाच्या तोंडावर म्हणत. भिवा हसे आणि चिलीम भरायला घेई.

पंढरी मात्र हसला नाही.

"नेम नव्हता, कबूल. पन इतकी वर्सं बंदूक आमच्या घरान व्हती. बांधावरनं कातकरी जायचे, गुराखी जायचे, मच्छीवाल्या बाया जायच्या. कोनाला ओरखडा तरी आला काय? बंदूक वाईट नसते, नाथाकाका. हात वाईट असतो. माज्या बापसाचा हात देवाचा व्हता, न् मी त्याचाच पोर हाय."

नाथानं दातण दुसऱ्या गालात घेतलं.

"मी भाकर घेऊन आले तं वरडतच येईन," सगुणा म्हणाली. "मी हाय, मी हाय, सगुणा."

"तुजा आवाज तं ठान्याच्या साहेबाला पन आयकू जाईल."

गोदूबाई उंबऱ्यात उभी होती. सुनेचं हसणं तिला गोड वाटलं. ही बोलेल. हिला कुणी गप्प बसवलेलं नाही. पण न बोलणारं कुणीतरी बांधावर असतंच. पोटासाठी चार लोंब्या खुडायला आलेली एखादी कातकरीण. रुसून निघालेलं एखादं पोर. एखादी मुकी. अंधारात त्यांना कोन हाय म्हणून विचारलं, तर ती काय बोलणार?

ती पुढं आली आणि ओटीच्या पायरीवर, लेकाच्या वाटेतच बसली.

"बस, पंढरी."

"आये, गाडी चुकल."

"चुकू दे. बस."

तो बसला. तिनं त्याला ती संध्याकाळ सांगितली. माळ्यावरचा सासरा, मिटलेले ओठ, चिखलातल्या भाकऱ्या. सगुणाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"दुसऱ्या दिवसापास्नं," गोदूबाई म्हणाली, "छर्ऱ्यांच्या पिशवीत मी उडीद भरीत आले. काले उडीद. शिसं खाडीवर मासे धरनाऱ्या कोलनीला दिलं, जाल्याला वजन म्हनून लावायला."

नाथाचं दातण तोंडातच थांबलं. डुकरं आवाजाला भीत होती, एवढाच काय तो भिवाचा नेम.

पंढरी आपल्या तळहाताकडं पाहत राहिला, त्यात काही तोलत असल्यासारखा. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आये," तो हळूच म्हणाला, "कुठं शिसं न् कुठं उडीद. हाताला वजन कलत नाय? माजा बापूस फसला कसा इतकी वर्सं?"

गोदूबाईची ओठ मिटायची सवय जुनी होती. मग तिनं पदर मागं सारला.

"एका साली अवकाली पानी पडलं, उडीद हाती लागलं नाय. पिशवी रिकामी रायली. मी रातभर जागी. सकालला उठून बगते तं चुलीपाशी पायलीभर उडीद. निवडलेलं, खडा न् खडा काढलेलं. ज्यानं जलमात कधी सूप हातान धरलं नाय, त्यानं निवडलेलं. गाव हसला त्याला मरंपरत. तो मना एक शबूद बोलला नाय, न् मी पन त्याला नाय."