ऐंशी टक्क्यांच्या वर

मंगळवारी दुपारी बारा वाजता सगळा मजला जेवायला खाली उतरला आणि हेनिंग ल्यूडर्सच्या पडद्यावर पिवळा अलर्ट उजळला. त्याच्या गटाच्या सर्व्हरवरच्या सामायिक वर्कस्पेसने वापराची ऐंशी टक्क्यांची रेघ ओलांडली होती.

काम कुठे अडलं नव्हतं. शंभर टक्के भरले की आपापल्या टेबलावरून चालवायच्या सर्व्हरवरच्या मशिन्स बंद पडतात, ऐंशीवर नुसती सूचना येते. तरी हेनिंगला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अलर्ट बघून इतका खूश होणारा विभागप्रमुख अख्ख्या ब्रेमेनमध्ये दुसरा नसेल.

मर्यादा कोणी ओलांडली हे अलर्टमध्ये कधीच नसायचं. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या कर्मचारी मंडळाशी तसा करारच होता: वापर मोजायचा तो गटाचा, माणसाचा नाही. हेनिंगने त्यावर ऐटीत सही केली होती, हस्तांदोलन करतानाचा फोटोही काढून घेतला होता. आणि मग नावानिशी आकडे दाखवणारी एक खिडकी त्याने गुपचूप स्वतःपुरती चालू ठेवली होती. ती त्याने आता उघडली.

वीबके यान्सेन. तीन मोठ्या मशिन्स, ऐन जेवणाच्या सुट्टीत.

दार उघडून डोकावलं असतं तर तिचं टेबल दिसलं असतं. पण उठायचे कष्ट कशाला घ्यायचे? नाव तर समोर होतं.

ही बाई त्याच्या डोळ्यांत खुपत होती. वसंतात टोर्बेन नोकरी सोडून गेला. ‘शुक्रवारी तू माशा मारतोस’ असं हेनिंगने त्याला इतक्यांदा सुनावलं होतं, की तो बिचारा आजारी रजेवर गेला तो परतलाच नाही. तेव्हा वीबकेने भर बैठकीत विचारलं होतं, “त्याच्या शुक्रवारांचं तुला इतकं बारीक कसं रे माहीत?” बाकीचे आपापल्या कपात बघत बसले होते. त्या दिवसापासून हिला बाहेरचा रस्ता दाखवायचा, हा एकच ध्यास हेनिंगने घेतला होता.

बुधवारी सकाळच्या बैठकीत त्याने तोंड सोडलं.

“जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी फुकटची चैन करतंय. वर्कस्पेस म्हणजे काय कोणाच्या बापाचा माल आहे?”

“कोण ते सांग की,” वीबके म्हणाली. “नाव घे ना.”

“मला कसं कळणार? अलर्टमध्ये नाव नसतं.”

“मग सगळ्यांवर कशाला भुंकतोस?”

मागून कोणीतरी फिसकन हसलं. हेनिंगचे कान लाल झाले.

“ज्याला कळायचं त्याला कळलंय.”

“मला तर काहीच कळलं नाही बाबा,” असं म्हणून तिने लॅपटॉप उचलला आणि ती निघून गेली.

त्या दुपारी तिच्या नावासमोर तिनाच्या चार मशिन्स झाल्या. हेनिंगने मांडीवर थाप मारली. इतका माज! इतका मूर्खपणा!

आता एकच अडचण होती. कोणालाही काढण्याआधी कर्मचारी मंडळाचं म्हणणं ऐकावं लागतं, नाहीतर बडतर्फीचं पत्र रद्दीत जातं. आणि मंडळापुढे नाव कसं कळलं ते सांगावं लागणार. खिडकीबद्दल बोलायची सोय नव्हती. मग हेनिंगने एक साधी, सरळ गोष्ट रचली, घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिली, आणि शुक्रवारी मंडळाच्या खोलीचं दार ठोठावलं.

मंडळाच्या प्रमुख गेसा ओल्होफ एकट्याच होत्या. एकेकाळी त्या याच इमारतीत सर्व्हर सांभाळायच्या, आता पूर्णवेळ मंडळाचं काम बघायच्या. म्हातारीला आता पासवर्डही धड आठवत नसेल, असं हेनिंग मित्रांत म्हणायचा.

“बसा ल्यूडर्ससाहेब. तडकाफडकी काढताय म्हणे. दोन मुलं आहेत तिला, एकटी वाढवतेय.”

“ते तिने आधी बघायचं होतं, ओल्होफबाई. कंपनीच्या मशिन्सवर खासगी कामं करते ती. गटाची मर्यादा रोज ओलांडली जातेय.”

“गटाची ना? मग तिचं नाव कुठून आलं?”

हेनिंग याच प्रश्नाची वाट बघत होता.

“मी पाहिलं तिला. मंगळवारी. सगळे जेवायला गेले होते, मी चष्मा विसरलो म्हणून परत वर आलो. बाई खिडकीपाशी आपल्या जागेवर, पाठमोरी. पडद्यावर तीन मोठ्या मशिन्स धडाधड चालू.”

“बारा वाजता?”

“बाराच्या ठोक्याला.”

“एकटीच होती?”

“अगदी एकटी.”

“तिच्यासारखी दुसरी कोणी नसेल ना? पाठमोरी होती म्हणता.”

“ओल्होफबाई, तीन वर्षं त्या पाठीकडे बघतोय. ती वीबकेच होती.”

“आणि माणसांच्या नावाचे आकडे तुम्ही कधी उघडून पाहिले नाहीत?”

“छे! करार आहे ना. सही आहे माझी त्यावर.”

“आहे खरी.” गेसाबाईंनी त्याचं सगळं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं, त्याला वाचून दाखवलं आणि विचारलं, “यात काही बदलायचंय?”

“एक अक्षरही नाही,” हेनिंग म्हणाला आणि आरामात मागे रेलला. सोमवारी तिचं टेबल रिकामं करून घ्यायचं, त्याने मनात ठरवूनही टाकलं.

गेसाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

“मंगळवारी बारा वाजता वीबके तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसून सूप पीत होती,” त्या म्हणाल्या. “तिने दिलेल्या पासवर्डने, तिच्या नावाने त्या मशिन्स मी इथून चालवल्या.”