पिण्यास योग्य

तलावाच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट निघालं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाईंनी तपासणी पुन्हा दोनदा केली. आकडा तसूभरही हलला नाही. आजूबाजूच्या शेतांतलं खत तलावात उतरलं होतं, आणि तान्ह्या बाळांना ते पाणी म्हणजे विषच.

साहेबांनी अहवाल परत सरकवला. "नमुना काठावरचा दिसतोय. होडीतून मधोमध जाऊन घ्या, 'पिण्यास योग्य' लिहा आणि सही करा."

"साहेब, नळांना पाणी काठावरूनच जातं."

"उगाच लोक घाबरतील, बाई."

"घाबरू देत. मी सही करणार नाही."

दुसऱ्याच दिवशी बाईंची रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत झाली. धूळ नाकातोंडात जायची, पण आपण खोट्याला हातभार लावला नाही, एवढं समाधान होतं.

पंधरवड्याने धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, बाळाचं दूध आता नळाच्याच पाण्यात कालवते गं."

बाईंनी हातातली फाईल खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुला?"

"नोटीस लागलीय ना आमच्या गेटवर. आधी माझा विश्वासच बसेना. मग खाली तुझं नाव आणि सही बघितली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."