मनगटावरचा पट्टा

आढावा बैठकीत तृप्तीचं नाव आलं. काम आठवडाभर रखडलं होतं. सरोदे साहेब बोलायला लागले, तिच्याकडे पाहून थांबले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

"तृप्ती, हे कामाचं टेन्शन दिसत नाही. घरी काय झालंय?"

"आई आयसीयूत आहे, सर. कालपासून."

"मग इथे काय करतेस? जा तू. तुझं काम मी बघतो."

साहेब लोकांनी मनगटावर पट्टा बांधायचा कायदा झाला, तेव्हा तृप्तीचे आधीचे साहेब फार चिडले होते. समोरच्याची धडधड पट्ट्यातून आपल्याच छातीत उतरणार असेल, तर माणसाने ओरडायचं कसं, म्हणायचे. पट्ट्याचा शोध लावणाऱ्याचं भलं होवो, असं मनात म्हणत ती उठली.

दाराशी आल्यावर आभार मानायचे राहिले म्हणून ती वळली. तिच्या कामाची फाईल घ्यायला साहेबांनी शेजारच्याकडे हात पुढे केला होता. मनगटावर पट्ट्याचा फिकट वळ तेवढा होता. पट्टा खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला होता.

तृप्तीने मघाचा आशीर्वाद मनातल्या मनात साहेबांच्या नावावर केला.