खाली ठेवलेली कॉफी

"बाबा, लग्नात आईला मेहरचे पैसे तुम्ही दिले होतेत. आता तुम्हाला अमेरिकेला न्यायला आईनं पैसे दाखवायचे. मग या वेळी नवरी कोण, तुम्ही का?"

हे घरी विचारून दाखव, अशी वर्गातल्या शहदनं पैज लावली होती. तालीननं विचारलं, तेही गाडीत, मामांकडे जाताना. आई हसू दाबत बाहेर बघायला लागली. बाबा मात्र मोकळं हसले. नवरीच तर, म्हणाले, बघ ना, दाढी करून, अत्तर लावून निघालोय.

पण सिग्नल सुटला तरी त्यांनी गाडी हलवली नाही. मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा कुठे भानावर आले.

आजी अमेरिकेत, टोलेडोला, अंथरुणाला खिळली होती. तिचं करायला आईला जाणं भागच होतं. आईचा जन्म तिकडचा, त्यामुळे तिच्याकडे आणि तालीनकडे तिकडचा पासपोर्ट होता; बाबांकडे नव्हता. नवऱ्याला न्यायचं तर त्याला पोसायची हमी बायकोनं द्यायची, असा तिकडचा कायदा. आई इथं इर्बिदच्या शाळेत अठरा वर्षं शिकवत होती, पण तो पगार चालेना, कारण ती विमानात बसली की तो बंद. तेव्हा तिकडे कमावणाऱ्या कुणीतरी तिच्याबरोबर सही करायची. कुणीतरी म्हणजे निदालमामा. आजीचं इथलं घर विकायला ते पंधरा दिवसांसाठी आले होते आणि तिथंच उतरले होते.

तालीन महिनाभर हवेत होती. वर्गात तिचं निरोपाचं भाषणही देऊन झालं होतं. दोनदा.

मामांनी स्वतः कॉफी आणली. बाबांनी कॉफीचा तो इवला पेला, फिंजान, घेतला, पण ओठाला लावला नाही. समोरच्या टीपॉयवर ठेवला आणि मांडीवर हात ठेवून बसले.

काही मागायला आलेला माणूस कॉफी अशी खाली ठेवतो, हे इर्बिदमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. सोयरीक मागायला आलेली वडीलधारी माणसं ठेवतात, भांडणाची माफी मागायला आलेलीही. घरधन्यानं फिंजान उचलून हातात दिला, की मागणं मान्य. तोवर एक घोटही घ्यायचा नाही. बाबांनी आजवर शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, भाच्या-पुतण्यांसाठी कितीदा तरी अशी कॉफी खाली ठेवली होती. स्वतःसाठी कधीच नाही.

"निदाल," ते म्हणाले, "तुझ्या एका सहीसाठी आलोय."

मामा तिकडेच वाढलेले. त्यांनी कॉफीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबा अवघडलेत, एवढंच त्यांना समजलं. "अहो तालीनचे बाबा, गार होतेय," म्हणत त्यांनी फिंजान उचलला आणि बाबांच्या हातात दिला.

बाबांनी एका घोटात तो रिकामा केला. त्यांचे डोळे भरून आले होते. उठून त्यांनी मामांच्या कपाळावर ओठ टेकवले. अल्ला तुला काही कमी पडू देणार नाही, म्हणाले. आईनं तोंड फिरवून डोळे टिपले. तालीनला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

मामा गोंधळून गेले. "थांबा, थांबा. मी हो कुठं म्हटलं?"

मग ते बराच वेळ बोलत राहिले, गालिच्याकडे बघत. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी अशीच सही केली होती. मामांच्या पगारात आता आणखी एक माणूस बसत नव्हता, वकिलानं तसं कागदावर मांडून दाखवलं होतं. शिवाय त्या सहीची जबाबदारी वर्षानुवर्षं सुटत नाही, नवरा-बायको सुटले तरी. मामा खोटं बोलत नव्हते. म्हणून तर जास्त वाईट वाटत होतं. चिडायचं तरी कुणावर, तालीनला कळेना.

बाबा रिकाम्या फिंजानाकडे बघत होते. प्यायलेली कॉफी परत खाली ठेवता येत नाही.

शेवटी ते उठले आणि खिडकीची काच सरकवून बघायला लागले. या घराच्या सगळ्या खिडक्या त्यांनीच बसवल्या होत्या, लग्नाच्या वर्षी, एक दिनारही न घेता.

"अडकतेय जरा," ते म्हणाले. "गिऱ्हाईक यायच्या आत दुरुस्त करून जाईन."

परतताना गाडीत आई एकदाच बोलली. आम्ही दोघी पुढे जातो, आजीचं करता करता मी काम शोधते, एक-दोन वर्षांत मीच सही करीन, दुसऱ्या कुणाचं तोंड बघायला नको. बाबा म्हणाले, मला काय धाड भरलीय इथं, जा तुम्ही. मग त्यांनी रेडिओ लावला. बातम्या संपल्या तरी कुणी तो बंद केला नाही.

घरी आल्या आल्या तालीननं कॉफी उकळली. वेलदोडा जरा जास्तच पडला. दोन फिंजान तिनं आई-बाबांच्या हातात दिले. तिसरा, स्वतःचा, त्यांच्यापुढे टीपॉयवर ठेवला आणि मांडीवर हात ठेवून समोर बसली.

आईनं त्या फिंजानाकडे पाहिलं. "हे काय गं?"

"आई, तू आजीकडे जा. मी येत नाहीये. मी बाबांजवळ राहणार."

बाबांचा हात तिच्या फिंजानाकडे निघाला आणि अर्ध्यावरच थांबला.