फेरलेखन

"एक्क्याण्णव टक्के," चौकशी समितीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा सरांकडे वळवला. "एवढा मजकूर यंत्राने लिहिलाय, सर. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

सरांनी पुढे वाकून आकडा पुन्हा वाचला. शेजारच्या खुर्चीत त्यांची विद्यार्थिनी मान खाली घालून बसली होती. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता, नदीकाठच्या मातीवर. यंत्राकडून लिहून घेतल्याचं ठरलं की विद्यापीठातून नाव कमी, असा सरळ नियम होता. आणि नाव कमी झालं तर पुढे काय, तेही सरांना ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ एकदा भेटायला आला होता तेव्हा तोंडावर सांगून गेला होता, 'एक वर्ष जरी वाया गेलं ना सर, तर शिक्षण बंद. मग घरी.'

"अहो, ही पोर छोट्या सरांकडे फिरकतसुद्धा नाही," सर म्हणाले. "पहिल्या बाकावर बसते. तीन वर्षांत एक तास बुडवलेला नाही. नऊ वह्या भरल्यात तिने, नऊ!"

छोटे सर म्हणजे विभागाचं यंत्र. नाव मुलांनी ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठाने सरांची दोनशे बारा तासांची व्याख्यानं रेकॉर्ड करून त्या यंत्राला पाजली. सरांनी घसा बसेपर्यंत हौसेने बोलून दिलं. यंत्राने जिथे चुकीचं ऐकलं तिथे स्वतः बसून दुरुस्त्या केल्या. बायको म्हणाली, 'अहो, आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा का पाडून घेताय?' तर हे म्हणतात कसे, 'मी निवृत्त झालो तरी माझा तास चालू राहील.' राहिला की! आता मुलं शंका विचारतात ती छोट्या सरांना. छोटे सर रजा घेत नाहीत, खेकसत नाहीत, 'हे मागच्याच तासाला सांगितलं होतं' असं तर मुळीच म्हणत नाहीत. आणि प्रकल्प तपासणारं यंत्र एवढंच बघतं, की मुलांनी लिहिलेलं छोट्या सरांच्या बोलण्याशी किती जुळतंय.

बाईंनी पडद्यावरची एक ओळ वाचली. "'ओल किती आहे ते मातीलाच विचारावं, मूठभर हातात घेऊन.' यंत्र ही ओळ अगदी अश्शीच देतं, सर."

"ती माझी ओळ आहे! एकतीस वर्षं सांगतोय मी. तुम्हालाही सांगितली होती."

बाईही सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. "आठवतं ना, सर. पण आता ती यंत्राची झाली. तुम्हीच सही करून दिलीत."

सरांनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. बाईंनी वरची वही चाळली, एका पानावर जरा रेंगाळल्या आणि मिटून परत केली. "वही पुरावा होत नाही. एक करता येईल. फेरलेखन. संगणक कक्षात दोन तास बसून पुन्हा लिहायचं. तीस टक्क्यांच्या आत आलं तर प्रकरण मिटलं."

"पहाऱ्याला मी बसतो."

"पहारा कशाला, सर? तपासायला यंत्र आहे ना."

बाहेर व्हरांड्यात मुलीने विचारलं, "सर, माझं चुकलं काय? माहिती चुकली का?"

"माहिती चोख आहे गं."

"मग काय बदलू?"

"जरा... माझ्यासारखं लिहू नकोस."

"मला दुसरं येतच नाही, सर." तिचे डोळे भरून आले.

एकतीस वर्षांत असं कौतुक सरांच्या वाट्याला आलं नव्हतं आणि नेमकं आज ते घशाखाली उतरत नव्हतं. "मग कसंतरीच लिही, बाळ," ते म्हणाले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दोन तास सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. मग बाईंनी आत बोलावलं. पडद्यावर आकडा होता चार. फक्त चार टक्के! बाईंचा जीवही भांड्यात पडलेला दिसला. "बघा सर, मनावर घेतलं की जमतं मुलांना. आज पोरीने स्वतःचं स्वतः लिहिलं."

सरांनी पानं वाचायला घेतली. 'माती हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक असून तिचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' पुढेही सगळं तसंच. तिने नदीकाठी स्वतः खणलेले अकरा खड्डे कुठेच नव्हते. खालच्या थरातली ती निळसर चिकणमाती नव्हती, जी पाहून पोर वर्गात धावत आली होती. असं काही एरवी कुणी लिहून आणलं असतं तर सरांनी कागद भिरकावून दिला असता.

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. 'सदर लेखन विद्यार्थिनीचे स्वतःचे आहे.' सरांनी सही केली. करतात काय! पोरीचं वर्ष वाचत होतं.

व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. पास झाल्याचं सांगितलं तरी चेहऱ्यावर हसू नाही.

"जमवलंस कसं गं?" सरांनी विचारलं.

तिने मान वर केली नाही. "दीड तास नुसती बसून होते, सर. काहीही लिहिलं की तुमचंच व्हायचं. शेवटी छोट्या सरांनाच सांगितलं, आमच्या सरांसारखं सोडून कसंही लिहून द्या."